पानात पेरॉक्साइड तयार कुठे होतं आणि तिथून जातं कुठे?

रानजाई

नमस्कार मंडळी. एमएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये टोमॅटोच्या रोपांना उष्णता आणि कडक उजेड असा एकत्र स्ट्रेस देऊन पानात आरओएस (ऑक्सिजनपासून बनणारे, चटकन भिडणारे रेणू, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यातलंच एक) किती वाढतं ते बघतेय. डॅबचं, म्हणजे पेरॉक्साइड असेल तिथे तपकिरी होणाऱ्या रसायनाचं, स्टेनिंग केलं, पानं अल्कोहोलमध्ये उकळून हिरवा रंग काढला, तपकिरी डाग छान आले, कंट्रोलपेक्षा, म्हणजे स्ट्रेस न दिलेल्या पानांपेक्षा, जास्त आले. गाइड म्हणतात झालं की, लिहून टाक स्ट्रेसमध्ये आरओएस वाढतं म्हणून.

पण मला ते पुरेसं वाटत नाहीये. डाग पानभर सारखे नाहीत, शिरांच्या कडेने गडद आहेत, मधे मधे ठिपके आहेत आणि काही ठिकाणी काहीच नाही. मग हे पेरॉक्साइड तिथेच तयार झालं की दुसरीकडून तिथे आलं? पुस्तकात एका पानावर लिहिलंय की हे रेणू क्षणभरही टिकत नाहीत आणि पुढच्याच पानावर लिहिलंय की ते क्लोरोप्लास्टमधून (हरितलवकातून) न्यूक्लियसला (केंद्रकाला) निरोप देतात, एवढंच काय एका पानावरचा स्ट्रेस दुसऱ्या पानाला कळवतात. क्षणभर न टिकणारी गोष्ट एवढी लांब जाईल कशी? आणि अजून एक, हे जर विषच आहे तर ते मुद्दाम तयार करणारं एन्झाइम, ते आरबीओएच, झाडाने ठेवलंयच कशाला? कुणी नीट समजावून सांगेल का, लेक्चरच्या नोट्समधलं टेबल नको, ते आहे माझ्याकडे.

पिंपळपान

प्रश्न चांगला आहे आणि गाइडने म्हटलं झालं तरी तू थांबली नाहीस हे त्याहून चांगलं. मी बरीच वर्षं प्लांट फिजिओलॉजी शिकवतो, दरवर्षी मुलं आरओएस हा एकच पदार्थ असल्यासारखं लिहितात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. चार वेगवेगळे रेणू आहेत, चौघांचा जन्म वेगळा, आयुष्य वेगळं, पोच वेगळी. "आरओएस वाढलं" या वाक्यातून म्हणून फारसं काही कळत नाही, कुठलं वाढलं आणि कुठे वाढलं हे सांगितलं तर कळतं.

आधी ऑक्सिजनच बघ. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन सुटे असतात आणि दोघांचा स्पिन एकाच दिशेने, त्यामुळे त्याला दोन इलेक्ट्रॉन जोडीने घेता येत नाहीत, एकेक करून घ्यावे लागतात. म्हणूनच तो आपल्या भोवती असूनही आपण आणि झाडं शांतपणे जगतो, नाहीतर सगळं जळून गेलं असतं. पण एक इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड, अजून एक आणि दोन प्रोटॉन मिळाले की हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्या पेरॉक्साइडला सुटं फेरस लोखंड भेटलं की फेंटन रिअॅक्शन होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल. चौथा सिंगलेट ऑक्सिजन, त्याची गोष्ट वेगळी, तिथे इलेक्ट्रॉन मिळत नाही, नुसती ऊर्जा मिळते आणि त्या ऊर्जेने स्पिन उलटतो.

आता हे पानात कुठे होतं ते बघ. तुझ्या प्रयोगात कडक उजेड आहे म्हणजे पहिला संशय क्लोरोप्लास्टवर. उजेड पकडून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या तिथे दोन यंत्रणा आहेत, फोटोसिस्टिम एक आणि दोन. फोटोसिस्टिम दोनमध्ये क्लोरोफिलने उजेड घेतला पण पुढे इलेक्ट्रॉन न्यायला जागाच नाही असं झालं की क्लोरोफिल ट्रिपलेट नावाच्या ऊर्जा भरलेल्या अवस्थेत जातं आणि शेजारच्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन टाकतं, तो झाला सिंगलेट ऑक्सिजन. फोटोसिस्टिम एकच्या टोकाला फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉन नेणाऱ्या प्रोटीनकडे जाणारे इलेक्ट्रॉन काही वेळा थेट ऑक्सिजनवर पडतात, तिथे सुपरऑक्साइड तयार होतं. ही गोष्ट मेहलर यांनी १९५१ मध्ये वेगळ्या काढलेल्या क्लोरोप्लास्टवर दाखवली, म्हणून तिला मेहलर रिअॅक्शन म्हणतात. पुढे जपानच्या कोझी असादांनी यावर आयुष्य घालवलं. त्यांनी दाखवलं की ते सुपरऑक्साइड एसओडी एन्झाइम तिथल्या तिथे पेरॉक्साइडमध्ये बदलतं, मग अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज व्हिटॅमिन सी वापरून त्याचं पाणी करतं. पाण्यातून काढलेला इलेक्ट्रॉन परत पाण्यातच जातो, म्हणून त्याला वॉटर-वॉटर सायकल म्हणतात. मला ही सायकल शिकवताना अजूनही आनंद होतो, कारण वरवर बघितलं तर झाड काहीच न कमावता इलेक्ट्रॉन फिरवत बसलंय असं वाटतं, पण त्यामुळेच जास्तीच्या उजेडाचा भार उतरतो.

उष्णता आली की दोन गोष्टी होतात. पाणी वाचवायला स्टोमाटा (पानावरची छिद्रं) मिटले तर आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, साखर बनवणारी केल्विन सायकल मंदावते, तिला इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीपीएच वापरलं जात नाही, मग रिकामं एनएडीपी उरत नाही आणि इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे वळतात. दुसरं म्हणजे गरमीत रुबिस्को हे कार्बन पकडणारं एन्झाइम कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन जास्त पकडायला लागतं, फोटोरेस्पिरेशन वाढतं, आणि त्यातलं ग्लायकोलेट पेरॉक्सिझोममध्ये (पेशीतल्या एका छोट्या पिशवीत) जाऊन ग्लायकोलेट ऑक्सिडेजच्या हाती पडलं की प्रत्येक रेणूमागे एक पेरॉक्साइड. टोमॅटो सी-थ्री आहे, म्हणजे फोटोरेस्पिरेशन टाळायची खास सोय नसलेलं, त्यामुळे तुझ्या पानात दिवसाउजेडी पेरॉक्सिझोम हा पेरॉक्साइडचा फार मोठा कारखाना आहे, पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज तिथेच ठासून भरलेलं असतं म्हणून निभावतं. मायटोकॉन्ड्रियात कॉम्प्लेक्स एक आणि तीनपाशी गळती होते पण हिरव्या पानात उजेड असताना तिचा वाटा बराच लहान. प्राण्यांची पुस्तकं वाचून आलेल्यांना हे पटत नाही, त्यांच्याकडे सगळं मायटोकॉन्ड्रियाभोवतीच फिरतं.

पाचवी जागा पेशीच्या बाहेर, अॅपोप्लास्ट. तुझं आरबीओएच तिथलं. त्याबद्दल दुसरं कुणी लिहिलं तर बरं, माझं जेवायचं राहिलंय.

रानजाई

सर खूप खूप धन्यवाद, ट्रिपलेटचं पहिल्यांदा डोक्यात शिरलं. पण मग टिकण्याचं काय, आणि मेंब्रेनमधून (पेशीतल्या पडद्यांमधून) बाहेर कसं पडतं?

काचपट्टी

मी जर्मनीत पोस्टडॉक करतोय, दिवसभर कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर हेच बघत असतो त्यामुळे राहवलं नाही.

टिकण्याचं असं आहे की तुझ्या पुस्तकातलं पहिलं वाक्य हायड्रॉक्सिल रॅडिकलला लागू होतं आणि दुसरं पेरॉक्साइडला. हायड्रॉक्सिल नॅनोसेकंदात संपतं, जिथे जन्मलं तिथेच जो पहिला रेणू भेटेल त्याच्यावर आदळतं, त्यामुळे त्याच्या प्रवासाचा विचारच सोडून दे. सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंद टिकतो, तेवढ्यात फार लांब जात नाही, शिवाय जन्म क्लोरोप्लास्टच्या आतल्या थायलाकॉइडच्या मेंब्रेनमध्ये आणि तिथे कॅरोटीन आणि टोकोफेरॉल त्याला शांत करायला बसलेलेच असतात. सुपरऑक्साइडवर ऋण चार्ज आहे, चार्जवाली वस्तू मेंब्रेनच्या तेलकट थरातून सहज जात नाही. त्याचं प्रोटॉन लागलेलं रूप जाऊ शकतं पण त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू त्या रूपात असतात) ४.८ च्या आसपास आहे आणि उजेडात स्ट्रोमाचा (क्लोरोप्लास्टच्या आतल्या द्रवाचा) पीएच ८ च्या जवळ, मग तिथे ते रूप असणार किती, नगण्यच.

उरलं पेरॉक्साइड. चार्ज नाही, आकाराने पाण्याच्या रेणूपेक्षा थोडंसंच मोठं, त्यातल्या त्यात शांत, कुणाशीही लगेच भिडत नाही, पेशीच्या आत मिलिसेकंद किंवा आजूबाजूला साफसफाई कमी असेल तर त्याहून जास्त टिकतं. आणि दिसायला वागायला पाण्यासारखं असल्यामुळे पाण्याच्याच दारातून जातं, म्हणजे अॅक्वापोरिन. हे २००७ मध्ये यीस्टवर फार सुंदर दाखवलं गेलं, अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचं टीआयपी-१-१ नावाचं अॅक्वापोरिन यीस्टमध्ये घातलं तर बाहेर टाकलेल्या पेरॉक्साइडने ते यीस्ट जास्त मरायला लागलं, कारण ते आत शिरायला लागलं. पुढे २०१७ मध्ये स्टोमाटा उघडमीट करणाऱ्या गार्ड सेलमध्ये पीआयपी-२-१ बद्दल असंच दिसलं, ते अॅक्वापोरिन नसेल तर एबीए हे हार्मोन देऊनही स्टोमाटा नीट मिटत नाहीत, कारण बाहेर तयार झालेलं पेरॉक्साइड आत येत नाही. आता गंमत अशी की अॅक्वापोरिन झाड उघडू मिटू शकतं, फॉस्फेट लावून काढून, म्हणजे पेरॉक्साइड कुठून किती जाऊ द्यायचं यावरही झाडाचा ताबा आहे. आपण डिफ्युजन डिफ्युजन म्हणतो पण ते अगदी मोकाट नाहीये.

न्यूक्लियसचा प्रश्न मला सर्वात आवडता. २०१७ मध्येच इंग्लंडमधल्या एसेक्स आणि एक्सेटरच्या लोकांनी निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या भावकीतल्या रोपाच्या पानात हायपर नावाचा प्रोटीन सेन्सर घातला, हा सेन्सर ई-कोलायच्या ऑक्सी-आर प्रोटीनपासून बनवलेला आहे आणि पेरॉक्साइड लागलं की त्याची चमक बदलते. कडक उजेड दिल्यावर क्लोरोप्लास्टमध्ये पेरॉक्साइड वाढलं आणि न्यूक्लियसमध्येही वाढलं. आता कुणीही म्हणेल की सायटोसॉलमधून (पेशीतल्या द्रवातून) गेलं असणार. म्हणून त्यांनी सायटोसॉलमध्ये पेरॉक्साइड खाणारं अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज वाढवून बघितलं, तरी न्यूक्लियसमधलं कमी झालं नाही. तेच एन्झाइम क्लोरोप्लास्टच्या स्ट्रोमात वाढवलं तेव्हा मात्र कमी झालं आणि उजेडाने चालू होणारे जीन्सही मंदावले. आणि त्या पेशींमध्ये काही क्लोरोप्लास्ट न्यूक्लियसला अगदी चिकटून बसलेले असतात. म्हणजे लांबचा प्रवास नाहीच, अंतरच मिटवून टाकलंय, शेजारी बसून हातोहात दिलंय. क्लोरोप्लास्टमधून स्ट्रोम्यूल नावाच्या बारीक नळ्याही निघतात आणि रोगाविरुद्धच्या झटापटीत त्या न्यूक्लियसला जाऊन भिडलेल्या बघितल्या गेल्यात, म्हणजे या शेजारपणाला अजून एक वाट आहे.

सांगोलेकर

नमस्कार, मी डाळिंबवाला शेतकरी, बारावी सायन्स करून शेतीत पडलो त्यामुळे निम्मं कळतंय निम्मं नाही, तरी वाचायला मजा येतेय. पिंपळपान सर तुम्ही फोटोसिस्टिम एकच्या टोकाला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर पडतात म्हणालात ते वाचून एक विचारतो. बांधावर आणि ओळींच्या मधे आम्ही पॅराक्वाट मारतो. कडक ऊन असलं की सकाळी मारलेलं दुपारपर्यंत काँग्रेस गवत मान टाकतं, ढगाळ असलं की वेळ लागतो. दुकानदार म्हणतो औषध उन्हात गरम होऊन जास्त काम करतं. ते खरं का याच भानगडीतलं काही आहे? आणि हरळी वरून जळते पण महिन्याभरात परत हिरवीगार, ते का?

पिंपळपान

दादा, तुमचा प्रश्न धाग्याच्या अगदी मधोमध बसतोय. गरम होण्याचा संबंध नाही, उजेडाचा आहे. पॅराक्वाट फोटोसिस्टिम एकपाशी उभं राहून फेरेडॉक्सिनकडे जाणारा इलेक्ट्रॉन स्वतः घेतं आणि लगेच ऑक्सिजनला देऊन मोकळं होतं, सुपरऑक्साइड तयार. आणि देऊन झाल्यावर पॅराक्वाट जसंच्या तसं शिल्लक राहतं, पुन्हा पुढचा इलेक्ट्रॉन घ्यायला तयार. तेवढंसं औषध म्हणूनच पुरतं, ते खर्चच होत नाही. मघाशी मी म्हटलेली असादांची सायकल थोड्या सुपरऑक्साइडसाठी बनलेली आहे, हा लोंढा तिला पेलत नाही, व्हिटॅमिन सी संपतं, पेरॉक्साइड साचतं, त्यातून हायड्रॉक्सिल होतं आणि ते मेंब्रेनमधल्या चरबीवर तुटून पडतं. मेंब्रेन फाटली की पेशीतलं पाणी बाहेर, पान आधी पाणी धरल्यासारखं ओलसर दिसतं, मग मान टाकतं, मग करपतं. ऊन जितकं जास्त तितके इलेक्ट्रॉन जास्त, तितकं हे सगळं झटपट. अंधारात फोटोसिस्टिम चालू नसते म्हणून वेळ लागतो. उलट संध्याकाळी मारलं तर रात्रभरात औषध पानात थोडं जास्त पसरतं आणि सकाळी ऊन पडल्यावर जळतं.

हरळीचं उत्तर त्यातच आहे. पान इतक्या लवकर जळतं की औषधाला खाली कांड्यांपर्यंत उतरायला वेळ आणि जिवंत वाट दोन्ही मिळत नाही, आणि जमिनीखाली उजेड नाही, हिरवं काही नाही, मग तिथून परत फुटवा येतो. लव्हाळ्याचंही तेच. गढूळ पाण्यात कालवलं तर काम करत नाही हे तुम्ही अनुभवलं असेलच, ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं.

आणि दादा, हे कळकळीने सांगतो. तो रेणू हे इलेक्ट्रॉन घ्यायचं द्यायचं काम माणसाच्या फुप्फुसातही करतो, तिथे उजेड लागत नाही, पेशींमधलं एनएडीपीएच वापरून होतं. यावर उतारा नाही. दवाखान्यात नेहमीसारखा ऑक्सिजन लावला तर विषबाधा वाढू शकते, इतकं ते या एका रिअॅक्शनवर चालतं. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका, घरात तर अजिबात नको, पंप गळका असेल तर त्या दिवशी फवारणीच करू नका, हातमोजे आणि तोंडाला बांधायचं सोडू नका.

सांगोलेकर

समजलं सर. आमच्याकडे पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवायची सवय आहे लोकांना, गावच्या ग्रुपवर हे टाकतो आजच.

हिरवाकंदील

मी पिकांवरच्या टॉनिक आणि बायोस्टिम्युलंटच्या क्षेत्रात काम करतो. वरची चर्चा छान आहे पण शेवटी शेतकऱ्याच्या दृष्टीने निष्कर्ष एकच निघतो ना, आरओएस म्हणजे नुकसान, अँटीऑक्सिडंट वाढवा, आरओएस जितकं शून्याकडे तितकं झाड निरोगी. सिग्नल वगैरे ठीक आहे प्रयोगशाळेत.

लाजाळू

हिरवाकंदील, याच्याशी मी अजिबात सहमत नाही, आणि रानजाईचा आरबीओएचचा प्रश्न अजून कुणी घेतला नाही म्हणून दोन्हीला एकत्रच लिहिते.

अॅराबिडॉप्सिसमध्ये आरबीओएचचे दहा जीन्स आहेत. एखादी गोष्ट नुसतं नुकसान करणारी असती तर झाडाने तिच्यासाठी दहा जीन्स सांभाळले नसते. हे एन्झाइम पेशीच्या बाहेरच्या मेंब्रेनमध्ये असतं, आतल्या बाजूने एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेतं, मेंब्रेनच्या आरपार नेतं आणि बाहेरच्या ऑक्सिजनवर टाकतं, सुपरऑक्साइड बाहेर तयार होतं. बाहेर पीएच आंबट असल्यामुळे त्याचं पेरॉक्साइड भराभर होतं. मग ते भिंतीत वापरलं जातं किंवा काचपट्टीने सांगितलेल्या अॅक्वापोरिनमधून आत येतं.

आता यातला सी नंबरचा जीन बिघडवला तर काय होतं, मुळांवरचे केस वाढतच नाहीत, बुटके फुगीर कोंब होऊन थांबतात. हे २००३ मध्ये नीट दाखवलंय. केसाच्या टोकाला आरओएस होतं, त्याने कॅल्शियमची वाट उघडते आणि टोक पुढे सरकतं. एच आणि जे नंबरचे काढले तर परागनलिका नीट वाढत नाही, मध्येच फुटते. लिग्निन हा भिंतीतला कडक पदार्थ घट्ट करायला पेरॉक्सिडेजला पेरॉक्साइड लागतंच, नाहीतर पाण्याच्या नळ्यांच्या भिंती उभ्याच राहणार नाहीत. डी नंबरचा काढला तर जंतू आल्याची चाहूल लागल्यावर जो आरओएसचा भडका उडतो तो जवळजवळ जातोच. बाय द वे हा भडका पहिल्यांदा बटाट्यात दिसला, करप्याच्या रोगजंतूसमोर, जपानच्या डोके यांनी १९८३ मध्ये दाखवला. तुम्ही शून्य आरओएसवालं झाड बनवून दाखवलंत तर त्याला मूळकेस नसतील, त्याचं फळ धरणार नाही आणि पहिल्याच रोगात ते झोपेल. नुकसान होतं ते चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी आणि साफसफाईच्या पलीकडे झालं तर, हे मान्यच आहे, पॅराक्वाटचं उदाहरण वर आहेच. पण "शून्याकडे" हे शेतकऱ्याला सांगू नका प्लीज.

रानजाई, आता एका पानावरून दुसऱ्या पानावर. इथे मला वाटतं लोकांचा जो घोळ होतो तो असा की ते पेरॉक्साइडचा तोच रेणू इकडून तिकडे चालत गेला असं समजतात. तसं नसतं. आषाढी वारीत पुढच्या दिंडीतला गजर मागच्या दिंडीपर्यंत पोचतो तेव्हा पुढचे वारकरी मागे चालत येत नाहीत ना, प्रत्येक जण शेजारच्याचं ऐकून स्वतःच्या तोंडाने म्हणतो. इथे प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीने बाहेर सोडलेलं पेरॉक्साइड ओळखते, आत कॅल्शियम वाढतं, कॅल्शियमवर चालणारे किनेज आरबीओएच-डीला फॉस्फेट लावतात, शिवाय त्या एन्झाइमला स्वतःलाही कॅल्शियम धरायच्या जागा आहेत, आणि मग ती पेशी स्वतःचं सुपरऑक्साइड बाहेर सोडते, ते पुढच्या पेशीला. रेणू एका पेशीपुरता टिकला तरी बास.

रॉन मिटलर यांच्या गटाने २००९ मध्ये हे मोजलं. झाट-१२ या जीनच्या प्रोमोटरला (जीन चालू करणाऱ्या भागाला) काजव्याचं लुसिफरेज जोडलं, एका पानाला जखम किंवा उष्णता वगैरे दिली आणि चमक झाडभर पसरताना बघितली, वेग मिनिटाला साधारण ८.४ सेंटीमीटर. आरबीओएच-डी नसलेल्या झाडात लाट पुढे जात नाही. आणि मला सगळ्यात पटलेला भाग म्हणजे वाटेत मधल्याच एका जागी आरबीओएच बंद करणारं डीपीआय किंवा पेरॉक्साइड खाणारं कॅटालेज लावलं तर लाट तिथेच अडते. नुसतं डिफ्युजन असतं तर एवढ्या वेगाने एवढं अंतर गेलंच नसतं, पातळ होत होत संपलं असतं. बाहेरचं पेरॉक्साइड ओळखणारा रिसेप्टर किनेजसुद्धा २०२० मध्ये सापडला, एचपीसीए-१ नाव आहे, त्याच्या बाहेरच्या भागातल्या सिस्टीनवर पेरॉक्साइड लागलं की तो चालू होतो आणि कॅल्शियम आत येतं.

हिरवाकंदील

मूळकेसांचं माहीत नव्हतं, वाचतो. माझा रोख उन्हाळ्यातल्या नुकसानीकडे होता, तिथे अँटीऑक्सिडंट कमी पडतात हे तरी खरं ना?

लाजाळू

हो, ते खरंच आहे, तिथे वाद नाही. पण कमी पडतात कुठे, क्लोरोप्लास्टच्या आत. तिथे अॅस्कॉर्बेट आधीच मिलिमोलरमध्ये दोन आकडी असतं. बाहेरून पानावर फवारलेलं त्यातलं किती आत पोचणार हा प्रश्न टॉनिक विकणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. उजेड आणि तापमान कमी करणं, म्हणजे सावली, पाणी, पांढरं आच्छादन, हे थेट मुळावर काम करतं.

सांगोलेकर

ताई, यावरून आठवलं, छाटणीनंतर डाळिंबाच्या सावलीतल्या फळांवर एकदम ऊन आलं की चट्टे पडतात, कायम उन्हात वाढलेल्या फळांना तेवढे पडत नाहीत. आम्ही क्रॉप कव्हर टाकतो नाहीतर केओलिन (पांढरी माती) मारतो. हे पण तेच?

लाजाळू

दादा, सफरचंदावर हा प्रकार बराच अभ्यासला गेलाय, सावलीत वाढलेलं फळ एकदम उन्हात आलं की फार तापमान नसतानाही साल पांढुरकी होऊन जळते, त्याला फोटो-ऑक्सिडेटिव्ह सनबर्नच म्हणतात. सावलीतल्या सालीत उन्हापासून वाचवणारी रंगद्रव्यं आणि साफसफाईची एन्झाइम्स कमी तयार झालेली असतात, क्लोरोफिल मात्र असतं, ऊन पडलं की ते ऊर्जा ऑक्सिजनला देतं. डाळिंबात त्यात तापमानाचाही मोठा हात असणार, तुमच्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन काय असतं ते माहीत आहे. केओलिन ऊन परतवतं, म्हणजे उजेड आणि उष्णता दोन्ही कमी, त्यामुळे तुम्ही करताय ते बरोबर. छाटणी टप्प्याटप्प्याने केली तर सालीला तयारी करायला वेळ मिळतो.

रानजाई

लाजाळू ताई, वारीचं एकदम क्लिक झालं. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावलं नव्हतं. आता परत माझ्या डागांवर येते, शिरांच्या कडेने गडद का? तिथे जास्त तयार होतंय असं लिहू का?

काचपट्टी

लगेच लिहू नकोस. आधी पान डॅबमध्ये कसं ठेवलंस ते सांग, देठ कापून देठातून शोषू दिलंस की पूर्ण पान बुडवून व्हॅक्यूम दिलास?

रानजाई

देठ कापून, देठ डॅबमध्ये, रात्रभर अंधारात.

काचपट्टी

तिथेच पहिली शंका. देठातून दिलं की डॅब झायलममधून (पाणी नेणाऱ्या नळ्यांतून) येतं, म्हणजे शिरांपाशी आधी आणि जास्त पोचतं, मधल्या भागात कमी. दुसरं, डॅब नुसत्या पेरॉक्साइडने तपकिरी होत नाही, त्याला पेरॉक्सिडेज लागतं, आणि शिरांच्या भिंतींमध्ये लिग्निनसाठी पेरॉक्सिडेज भरपूर असतंच. तिसरं, देठ कापणं हीच एक जखम आहे आणि लाजाळूने सांगितलेली लाट त्या जखमेनेही सुरू होते आणि ती शिरांच्या वाटेनेच धावते. म्हणजे तुझा तपकिरी रंग सांगतो की इथे पेरॉक्साइड, पेरॉक्सिडेज आणि डॅब तिघं एकत्र आले. तिघांपैकी कमी जास्त कोण होतं ते तो सांगत नाही.

पण म्हणून शिरांचं सगळं खोटं असंही नाही. अॅराबिडॉप्सिसमध्ये कडक उजेडात शिरांभोवतीच्या बंडल शीथ पेशींच्या क्लोरोप्लास्टमध्ये खरोखरच पेरॉक्साइड जास्त साठतं, हे दाखवलेलं आहे. म्हणून तुझं निरीक्षण टाकून देऊ नकोस, तपासून घे. काही पानं देठातून आणि काही व्हॅक्यूमने कर, दोन्हीकडे शिरा गडद आल्या तर दम आहे. एका गटाला डॅबसोबत अॅस्कॉर्बिक अॅसिड दे, तिथे रंग गेला पाहिजे, नाही गेला तर तो पेरॉक्साइडचा रंगच नव्हे. एका गटाला आधी डीपीआय दे, रंग बराच कमी झाला तर बाहेरच्या आरबीओएचकडे बोट जातं, फार फरक नाही पडला तर क्लोरोप्लास्ट किंवा पेरॉक्सिझोमकडे. डीपीआय इतर फ्लेविनवाल्या एन्झाइम्सनाही थोडं अडवतं, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या जोरावर काही लिहू नकोस, डोस कमी ठेव. जमलं तर डीसीएमयू देऊन बघ, त्याने फोटोसिस्टिम दोनपासून पुढे इलेक्ट्रॉन जाणं थांबतं, मग फोटोसिस्टिम एकवरचं सुपरऑक्साइड आणि त्यामागचं पेरॉक्साइड कमी व्हायला हवं.

आणि एक, रात्रभर अंधारात ठेवलंस म्हणजे स्ट्रेस दिल्यानंतर बराच वेळ गेला आणि त्यात क्लोरोप्लास्टचं उत्पादन थांबलेलं होतं. उजेडातलं चित्र हवं असेल तर डॅब आधी शोषू दे, मग उजेड दे, आणि स्ट्रेस संपल्या संपल्या उकळत्या अल्कोहोलमध्ये टाक.

पिंपळपान

काचपट्टीने अगदी मुद्द्याचं सांगितलंय. माझी एवढीच भर, जोडीला एनबीटी पण कर, ते सुपरऑक्साइडला निळं होतं. सुपरऑक्साइड मेंब्रेन ओलांडत नाही त्यामुळे निळा डाग जन्माच्या जागेच्या जास्त जवळ असतो, पेरॉक्साइडचा तपकिरी डाग थोडा सरकलेला असू शकतो. एकाच रोपाची समोरासमोरची दोन पर्णकं घे, एक निळं एक तपकिरी, दोन्ही शेजारी ठेवून बघ. निळं आणि तपकिरी जिथे जुळत नाही ती जागा मला दाखव, त्याच्यावर बोलायला आवडेल.

रानजाई

सर एनबीटी डिपार्टमेंटच्या फ्रीजमध्ये आहे, डीसीएमयू मिळतंय का विचारते. व्हॅक्यूमसाठी मोठी सिरिंज चालेल का, आमचा पंप बंद आहे.

काचपट्टी

चालेल. पान सिरिंजमध्ये द्रावणात बुडवायचं, पुढचं तोंड बोटाने दाबायचं, दांडा मागे ओढायचा आणि सावकाश सोडायचा, पान गडद पाणीदार दिसलं की आत गेलं. टोमॅटोचं पर्णक मोठं असेल तर मावणार नाही, चुरगळलं तर तीही जखमच, म्हणून छोटी पर्णकं निवड. आणि डॅब हाताळताना हातमोजे घालच, ते कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे, बाटलीला फॉइल गुंडाळून ठेव, वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नकोस, केमिकल वेस्टच्या डब्यात टाक.